क्रॉइकच्या काचेवरील अक्षरे

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ मुलखात क्रॉइक नावाची इवलीशी वस्ती आहे. तेथे 1827 साली अभियंता टॉमस टेल्फर्डच्या नकाशाबरहुकूम सरकारी खर्चाने बांधलेले एक साधे चर्च उभे आहे. 1845 च्या मे महिन्यात शेजारच्या ग्लेनकॅल्व्ही खोऱ्यातील कुळांना मेंढ्यांच्या कुरणांसाठी बेदखल करण्यात आले, तेव्हा सुमारे 80 माणसांनी, लेकराबाळांसह, याच चर्चच्या आवारात, थडग्यांच्या सोबतीने, उघड्यावर आडोसा करून आसरा घेतला; आणि खिडकीच्या काचांवर बाहेरून जी अक्षरे कोरली, त्यांतील एका ओळीत ग्लेनकॅल्व्हीच्या लोकांना, म्हणजे स्वतःलाच, दुष्ट पिढी म्हटले आहे; जणू बेदखली ही देवाने त्यांच्याच पापाला दिलेली शिक्षा.

ईश्वरी न्यायावरील ज्या श्रद्धेने माणसाला धीर द्यावा, तीच श्रद्धा जमीनदाराच्या लोभाचे पातक पीडितांच्या माथी मारते, तेव्हा तिला श्रद्धा म्हणावे की दुसरी बेदखली? मला ती ओळ नम्रतेची वाटत नाही. तीत अन्यायाला अर्थ देण्याची अगतिक धडपड दिसते, कारण निरर्थक दुःखापेक्षा स्वतःचा अपराध पत्करणे मनाला सुसह्य होत असावे. आणि ज्यांची प्रार्थनेची भाषा गेलिक होती, त्यांनी ही कबुली मात्र इंग्रजीत लिहिली.