तिथे गेल्यावर बघू

तुझा तो तक्ता पाहिला. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलास आणि खाली लिहिलंस, "बाई, सगळं ठरलं." इमॅजिकाची तिकिटं काढून झाली. कुठल्या राइडला आधी पळायचं, रांग कधी कमी असते, पोराची उंची कुठे पुरेल आणि कुठे नाही, सगळं रकान्यात बसवलंस. टोपी, सनस्क्रीन, ओल्या कपड्यांची वेगळी पिशवी, तेही आलं. मग मुंबई-गोवा हायवे धरून इकडे मालगुंडला. समुद्राकडे खिडकी असलेली खोली, आरे-वारेचा सूर्यास्त, गणपतीपुळ्याचं दर्शन. आणि जेवणाच्या रकान्यात? वरपासून खालपर्यंत तेच तीन शब्द. तिथे गेल्यावर बघू.

काय बघणार आहेस गं तिथे गेल्यावर?

सात वर्षांचं पोर आहे तुझं. त्याला काजू चालत नाही, पिस्ता चालत नाही. आणि तू त्याला कुठे आणते आहेस? रत्नागिरी जिल्ह्यात! इथे रस्त्याच्या कडेला दर दहा पावलांवर काजूचा स्टॉल. मार्च-एप्रिलात ओल्या काजूची उसळ नसेल तर पाहुण्याला जेवल्यासारखं वाटत नाही. शिऱ्यात काजू, पुलावात काजू, वडीवर काजू. हे तुला मी सांगायला हवं? तू इथेच वाढलीस. शाळेतून येताना बिया वेचून भाजून खाल्ल्यास, चिकाने बोटांची सालं निघाली म्हणून आईचा मार खाल्लास. तुला ठाऊक नाही असं कुठल्या तोंडाने म्हणशील?

म्हणणारही नाहीस. तुला सगळं कळतं. माझी तक्रार तीच आहे.

पुण्याच्या घरात तू बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर भिंग लावल्यासारखं वाचतेस. शेजारणीने दिलेली बर्फी गोड हसून घेतेस आणि मोलकरणीला देऊन टाकतेस. मग घराचा उंबरठा ओलांडला की ही अक्कल कुठे जाते? मी सांगते कुठे जाते. घरात कोणाला विचारावं लागत नाही. बाहेर विचारावं लागतं. वेटर कपाळाला आठी घालतो. नवरा म्हणतो, "जाऊ दे ना, किती चौकशा!" मागच्या टेबलावरचे वळून बघतात. तुला त्याची लाज वाटते. भीड भिकेची बहीण, ही म्हण फळ्यावर लिहून मी तुमच्याकडून वाक्यात उपयोग करून घेतला होता. आता तू स्वतःच तिचा उपयोग करून दाखवते आहेस.

केशवसुतांच्या जन्मगावात शिकलीस. त्यांच्या स्मारकाच्या अंगणात शंभर माणसांसमोर 'तुतारी' म्हटलीस, एकदाही न अडखळता. तोच गळा आता "भाजीत काय घातलंय?" एवढं विचारताना बसतो?

आता तुझ्या सबबी घेते एकेक.

"मागच्या वेळी नुसतं पुरळ उठलं होतं." खोटं. ओठही सुजला होता. तुझ्या आईने सांगितलं मला. आणि समज, खरंच नुसतं पुरळ असतं, तरी काय? मागच्या वेळी थोडक्यात निभावलं म्हणून पुढच्या वेळीही थोडक्यात निभावेल, असा काही करार झालाय का तुझा त्या काजूशी? डॉक्टरांनी हेच सांगितलं असणार, की एका वेळच्या त्रासावरून पुढच्या वेळचा अंदाज बांधता येत नाही. ऐकलंस, मान डोलावलीस, आणि सोयीचं तेवढं घरी आणलंस.

"मोठा झाला की जाईल." दुधाची, अंड्याची अ‍ॅलर्जी पुष्कळ पोरांची वाढत्या वयात जाते. काजू-पिस्त्याची बहुतेकांची जात नाही. आणि जाणार असलीच तरी ती या सुट्टीतच जाणार आहे का?

"पर्समध्ये सेट्रिझिन आहे ना." असू दे. अंगाची खाज ती थांबवेल. पण घसा आवळला, श्वास घरघरला, पोर ढिलं पडलं, की तिथे सेट्रिझिनचं काही चालत नाही. तिथे अ‍ॅड्रेनलिनच लागतं. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, आणि वेळ न घालवता. पेनासारखं ते ऑटो-इंजेक्टर आपल्याकडे दुकानात सहज मिळत नाही, म्हणून तर निघण्याआधी डॉक्टरांपुढे बसायचं असतं. वजनाप्रमाणे किती द्यायचं, कोणी द्यायचं, कसं द्यायचं, हे लिहून आणि शिकून घ्यायचं असतं. एकदा उतरलं तरी काही तासांनी पुन्हा उसळू शकतं, तेव्हा "बरं वाटतंय आता" म्हणून दवाखान्यातून निघायचं नसतं. मालगुंडला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण मोठं रुग्णालय रत्नागिरीला. मधे तुझा तो आरे-वारेचा रस्ता, सूर्यास्ताला दोन्ही बाजूंनी गाड्या लावून फोटो काढणाऱ्यांनी अडवलेला. १०८ ला फोन केलास तरी गाडीला रस्त्यानेच यावं लागतं. तुझ्या तक्त्यात फोटोच्या जागा आहेत. जवळचा दवाखाना कुठल्या रकान्यात आहे?

आणि सगळ्यात लाडकी सबब: "इमॅजिका मोठं आहे, तिथे काही ना काही मिळेलच." मिळेल की! २०१३ पासून चाललंय ते खोपोलीजवळ, रोज एवढी माणसं जेवतात, उपाशी कोण राहतं? पण अशा पार्कात बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, हे तिकीट काढताना वाचलंस ना? म्हणजे तुझा डबा गेटवरच राहिला. आत दुपारचे दोन. ऊन मी म्हणतंय. पोर रांगांत उभं राहून कावलंय, नवरा त्याहून कावलाय. समोर काउंटर, वर चकचकीत चित्रं, मागे तीस माणसं. त्या क्षणी तू शांतपणे चौकशी करणार? तू? तू "पनीर माखनी चालेल" म्हणून मोकळी होशील. माखनीच्या त्या मऊ, तकतकीत रश्शात काय वाटलेलं असतं? काजू. ते टाळायचं म्हणून "मग साधं जैन द्या" म्हणशील. शाबास! कांदा-लसूण नाही म्हटल्यावर रस्सा दाट कशाने करतात? काजू आणि मगजाने. साधं म्हणून मागवलंस आणि दुप्पट काजू ताटात घेतलास. जेवण टाळून आइस्क्रीमवर भागवशील, तर कुल्फीतला चमचा तसाच व्हॅनिलात जातो. नुसतं पाण्यात बुडवून ठेवतात तो, घासत नाहीत. आता व्हेगन चीज म्हणून निघालंय, तेही पुष्कळदा काजूचंच.

आठवडाभर आधी एक फोन करायचा होता. मुलाला अशी अ‍ॅलर्जी आहे, डॉक्टरांची चिठ्ठी आहे, त्याच्यापुरता डबा आत नेऊ द्याल का? "हो" म्हणाले तर तेच ईमेलवर लिहून मागायचं, कारण फोनवर "हो" म्हणणारा माणूस त्या दिवशी गेटवर नसतो. "नाही" म्हणाले तर कुठल्या रेस्टॉरंटात स्वयंपाक्याशी बोलता येईल ते विचारायचं, आणि तिथे एकच्या गर्दीत नव्हे, साडेअकराला जाऊन बसायचं. एवढंच. यात रॉकेटचं विज्ञान नाही, आणि तुला ते विज्ञानही जमलं असतं, म्हणून जास्त राग येतो. फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमध्ये अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी वेगळं मेन्यूकार्ड असतं, घरचं खाणंही नेता येतं. तरी तिथे जाणारे शहाणे आईबाप टेबल राखतानाच अ‍ॅलर्जी नोंदवतात. जिथे सोय आहे तिथली माणसं आधी बोलतात. जिथे नाही तिथे तू गप्प.

कायद्याच्या भरवशावर असशील तर तेही ऐक. एफएसएसएआयच्या २०२० च्या नियमांनी पाकिटावर शेंगदाणा, काजू-बदाम, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकड्याची जात, सोया, गहू वगैरे ठळक सांगणं बंधनकारक केलंय. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या हॉटेलांनाही मेन्यूवर अ‍ॅलर्जीची माहिती द्यावी लागते. मालगुंडच्या घरगुती खानावळीला दहा शाखा आहेत का? तिला धड पाटीसुद्धा नसते. आणि छापलेलं वाचून तरी भागतं का? २०१६ साली नताशा नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीने लंडनच्या हीथ्रो विमानतळावर सँडविच घेतलं. बापाने वेष्टन वाचलं. तिळाचा उल्लेख नव्हता. तीळ पावाच्या पिठातच मळलेले होते. विमानात बापाने दोन इंजेक्शनं दिली, तरी पोर गेली. मग तिच्या नावाने कायदा झाला, २०२१ मध्ये लागूही झाला. त्या बापाने वाचायचं सोडलं नव्हतं गं. तू तर अजून विचारायलाही सुरुवात केलेली नाहीस.

आता इथलं. मालगुंडात येऊन तुला वाटेल, आलो आपल्या माणसांत, आता काळजी मिटली. इथेच जास्त फसशील. इथल्या खानावळीचं स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आण. मिक्सरचं मोठं भांडं एकच. सकाळी त्यात ओल्या खोबऱ्याचं वाटण झालं. मग कुणा शहरी पाहुण्याने 'शाही' भाजी मागितली म्हणून भिजवलेले काजू वाटले. मग भांड्यात पाणी घालून फिरवलं. धुतलं नाही, फिरवलं. आणि ते पाणी टाकायचं कशाला, म्हणून शेजारच्या आमटीत ओतलं. तुझी आईही तेच करायची, माझीही करायची. तू विचारलंस, "आमटीत काजू घातलाय का?" मालकीणबाई छातीवर हात ठेवून सांगेल, "नाय हो, आमटीत कोण काजू घालतंय?" खोटं नाही बोलत ती. तुझा प्रश्न चुकला. घातलाय का, असं विचारायचंच नाही. मुलाच्या जिवाला धोका आहे, असं आधी सांगायचं, आणि मग विचारायचं: वाटण कुठल्या भांड्यात झालं? तेलात आधी काय तळलं? कालथा कुठून कुठे गेला? वेटरला नाही, रांधणाऱ्याला. मोठ्या हॉटेलात रांधणारा बहुधा परप्रांतातला असतो, तेव्हा हिंदीतही एक कार्ड लिहून ने. सभ्य, गुळमुळीत अक्षरांत नको. "काजू-पिस्ता खाने से बच्चे की जान को खतरा है." बास.

आणि खरं म्हणजे इथे तुझ्या पोराला जेवायला घालणं पुण्याहून सोपं आहे. आदल्या दिवशी सांगितलंस तर इथली कुठलीही बाई वेगळ्या पातेल्यात भात-वरण, तांदळाची भाकरी, ताज्या तेलात सुरमईची तुकडी, सकाळी घावणे आणि नारळाचा रस करून देईल. वर सोलकढी. नारळाला त्याची हरकत नाही, हे तपासून घेतलंयस ना? शेंगदाण्याचं तेल चालतं का, तेही? शेंगदाणा काजूच्या जातीचा नव्हे, तरी डॉक्टरांना विचारायचं. उगाच घाबरायचं नाही आणि उगाच धाडसही करायचं नाही. इथे माणसं सांगितलेलं करतात. न सांगितलेलं ओळखून करतील, अशी अपेक्षा का धरतेस?

नातेवाइकांचं वेगळं. तुझ्या चुलतकाकू "अगो, एका काजूने काय होतंय, आमच्या वेळी नव्हती ही थेरं" म्हणतील आणि तुझी पाठ वळली की पोराच्या हातावर ठेवतील. प्रेमानेच ठेवतील. तिथे तू हसून विषय बदलतेस, मला माहीत आहे. या वेळी बदलायचा नाही. काकू रुसल्या तर संध्याकाळपर्यंत रुसतील. देवळातल्या प्रसादाचंही तेच. कशाचा आहे ते कळलं नाही तर हात जोड, कपाळाला लाव आणि स्वतः खा. पोराला देऊ नकोस. गणपती काही काकूंसारखा रुसत नाही. पोरालाही आता शिकव. सात वर्षांचा आहे, त्याला डायनासोरांची नावं पाठ आहेत, "आईला विचारल्याशिवाय खाणार नाही" हे एक वाक्य पाठ होणार नाही?

तक्ता परत पाठवलाय. जेवणाचा रकाना मी पुसून टाकलाय. प्रत्येक जेवणापुढे जागा, फोन नंबर, कोणाशी बोललीस त्याचं नाव आणि ती व्यक्ती काय म्हणाली, एवढं भरून रविवारपर्यंत मला दाखव. "बोलणं झालंय" असं मोघम लिहिलंस तर परत पाठवीन. आधी डॉक्टर, मग पार्क, मग इथली खानावळ. खानावळीचा नंबर खाली दिलाय. आत्ता लावू नकोस, एक वाजलाय, बाई चुलीपुढे असेल आणि "हो हो" म्हणून फोन ठेवेल. तीननंतर लाव, तेव्हा ती तांदूळ निवडत बसलेली असते, नीट ऐकून घेते.