बाईचा शब्द आणि गावाचा न्याय

स्त्रीवरील हिंसेच्या मुळाशी एक तात्त्विक प्रश्न आहे: बाईचे शरीर, तिची मेहनत आणि तिचा होकार-नकार यांवर हक्क कोणाचा? बापाचा, नवऱ्याचा, जातीचा, गावाचा, देवाचा की तिचा स्वतःचा? या प्रश्नाचे उत्तर समाज बोलून दाखवत नाही, वागण्यातून देतो. मारहाण झालेल्या बाईला पहिला प्रश्न काय विचारला जातो, पोलीस ठाण्यात तिला कुठे बसवतात, माहेरची माणसे तिला परत कधी पाठवतात, यातून ते कळते. म्हणून या हिंसेवरचा सर्वांगीण उपाय म्हणजे कायदा, दवाखाना, दारूबंदी आणि प्रबोधन यांची नुसती बेरीज नव्हे. या प्रत्येक ठिकाणी बाईच्या शब्दाला वजन मिळते का, ही त्याची कसोटी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांनी या कसोटीचे जवळजवळ सगळे प्रसंग पाहिले आहेत.

अब्रू कोणाची?

16 ऑगस्ट 1942 रोजी चंद्रपूर जिल्ह्यातील चिमूरमध्ये इंग्रज सरकारविरुद्ध उठाव झाला. सरकारी अधिकारी आणि पोलीस त्यात मारले गेले. त्यानंतर गावात घुसलेल्या पोलीस-लष्कराने घरे लुटली आणि स्त्रियांवर अत्याचार केले. चौकशीची मागणी सरकारने फेटाळली. तेव्हा सेवाग्राम आश्रमातील प्रा. जयकृष्ण भन्साळी यांनी याच एका मागणीसाठी उपोषण आरंभले. नोव्हेंबर 1942 ते जानेवारी 1943 असे सुमारे दोन महिने ते चालले आणि सरकारशी समझोता झाल्यावर सुटले.

भन्साळींच्या उपोषणामागचा विचार आजही मोलाचा आहे. अत्याचाराची लाज अत्याचारितेने बाळगायची नसते. ती करणाऱ्याची आणि पाहूनही गप्प बसणाऱ्या समाजाची असते, असे त्यांच्या कृतीने सांगितले. मात्र त्या काळच्या भाषेत ‘स्त्रियांची अब्रू’ हीच कल्पना पुढे होती आणि तिच्यात एक धोका दडलेला आहे. अब्रू बाईच्या देहात ठेवली की ती घराण्याची, गावाची, देशाची ठेव होते. मग ठेव लुटली गेली म्हणून संताप होतो, पण जिच्यावर घाव झाला तिला काय हवे हे विचारायचे राहून जाते. याच कल्पनेपोटी पुढे तिला गप्प बसवले जाते, घाईने तिचे लग्न उरकले जाते, तक्रार मागे घ्यायला लावली जाते. अन्याय घराण्यावर नव्हे, एका व्यक्तीवर झाला आहे, हे मान्य करणे ही न्यायाची पहिली पायरी आहे.

गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे

26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिच्या भावाच्या तक्रारीवरून तिला जबाबासाठी आणले होते. जबाब झाल्यावर बाकीच्यांना बाहेर पाठवून तिला आत थांबवण्यात आले. आरोपी दोन पोलीस होते. देसाईगंज तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये आरोपींना सोडले. मुलीला पूर्वीपासून शरीरसंबंधांची सवय होती, असा शेरा त्या निकालात होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये आरोपींना दोषी ठरवले, पण 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याची खूण नाही, म्हणजे संमती असावी, असा तर्क त्यामागे होता.

1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धगमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यांचा मुद्दा मुळात तत्त्वज्ञानाचा होता: शरण जाणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रीच्या वेळी ठाण्यात, वर्दीसमोर उभी असलेली गरीब मुलगी प्रतिकार करत नाही, तेव्हा ती होकार देत नसते. तिच्यापुढे दुसरा मार्गच नसतो. जिथे ‘नाही’ म्हणण्याची मोकळीक नाही, तिथल्या ‘हो’ला अर्थ नाही.

1980 मध्ये देशभर स्त्रिया या प्रश्नावर रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये फौजदारी कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि ‘माझी संमती नव्हती’ असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने ते तसेच गृहीत धरावे, ही तरतूद आली. अत्याचारितेची ओळख छापण्यावर बंदी आली. केवळ प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे 2013 च्या दुरुस्तीने स्पष्ट लिहिले. बाईचा शब्द पुरावा म्हणून उभा राहण्याचा हा प्रवास देसाईगंजच्या त्या ठाण्यापासून सुरू होतो. तो पूर्ण मात्र झालेला नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही, पत्नी अठरा वर्षांवरील असेल तर पतीने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येबाहेरच आहे. लग्नाच्या दिवशी दिलेला होकार कायद्याने जन्मभराचा मानला आहे.

सोसण्याचा धर्म आणि जागे होण्याचा धर्म

बहुतेक हिंसा ठाण्यात नव्हे, घरात होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या देशभरात साधारण सातात एक. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या आधाराने वसलेल्या ऊर्जानगरमधील क्वार्टर असो की गडचिरोलीतील एटापल्लीच्या जंगलातले घर, कारणे तीच दिली जातात: नशिबाचे भोग आहेत, संसार म्हटला की सोसावे लागते, लेकरांकडे पाहून दिवस काढायचे. पगाराची नोकरी आणि पक्के घर आले म्हणून ही शिकवण आपोआप जात नाही. कॉलनीत तर भिंतीपलीकडच्यांना सगळे ऐकू येते आणि ‘त्यांच्या घरातला मामला’ म्हणून सगळे गप्प राहतात.

सोसण्याला पुण्य ठरवण्यात धार्मिक परंपरेचा वाटा आहे. त्याच परंपरेत त्याला छेद देणारे आवाजही आहेत. सतराव्या शतकात संत बहिणाबाईंनी तुकाराम महाराजांना गुरू मानले म्हणून नवऱ्याचा मार खाल्ला आणि आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत तो लिहून ठेवला. पातिव्रत्य त्यांनी नाकारले नाही, पण आपली भक्तीही सोडली नाही. घरातला मार बाईनेच शब्दांत मांडण्याचे मराठीतले ते फार जुने उदाहरण आहे. 1882 मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषाच्या दोषाला एक माप आणि बाईच्या दोषाला दुसरे, या धर्माच्या दुटप्पीपणावर बोट ठेवले.

चिमूरच्या परिसरात ज्यांची भजने घराघरात पोहोचली, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीते’त महिलोन्नतीला स्वतंत्र अध्याय दिला आणि बाईची दशा हा गावाच्या उन्नतीचा विषय केला. 16 ऑक्टोबर 1956 रोजी, नागपूरच्या दीक्षा सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली. दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत व्यभिचार आणि दारू यांचा त्याग आहे, तसाच सर्व माणसांच्या समानतेचा स्वीकारही आहे. बाबासाहेबांच्या मांडणीत सदाचार हा सोसणाऱ्यासाठी नसून बलवानाला बांधणारा नियम आहे. धर्माचा उपयोग हिंसेविरुद्ध करायचा असेल तर हाच धागा धरावा लागतो. चंद्रपूरच्या महाकालीच्या चैत्र यात्रेला लाखो भाविक येतात. त्या देवीचे मंदिर गोंड राणी हिराईने बांधवले. पण देवीपुढे हात जोडणे आणि घरातल्या बाईचे म्हणणे ऐकणे या दोन वेगळ्या साधना आहेत. पहिलीतून दुसरी आपोआप येत नाही. ती वेगळी शिकावी लागते.

विटाळ आणि करणी

काही हिंसा श्रद्धेचा वेष घेऊन येते. गडचिरोलीच्या माडिया-गोंड गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांना गावाच्या कडेला ‘कुर्मा घरा’त राहावे लागते. कुडाची भिंत, ओल, अंधार, पावसाळ्यात साप-विंचू, आजारपणात जवळ कोणी नाही. यात स्त्रियांनी जीवही गमावले आहेत आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने या प्रथेची दखल घेतली आहे. काही संस्थांनी तिथे पक्की घरे, दिवे आणि संडास बांधून दिले. त्यातून आजचा धोका टळतो, तरी विटाळाची कल्पना तशीच राहते. घर पक्के करावे की प्रथा मोडावी, या वादात निर्णय बाहेरच्यांनी घेणे योग्य नाही. तिथे जाणाऱ्या स्त्रियांनी ग्रामसभेत मोकळेपणी बोलून तो ठरवावा आणि तोवर कुणाचाही जीव जाऊ नये, याची जबाबदारी शासनाने घ्यावी. देहाचा विटाळ मानण्याविरुद्धचा सवाल संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकातच अभंगांतून केला होता. प्रबोधनासाठी परके शब्द आणायची गरज नाही.

करणी-भानामतीचा संशय याहून क्रूर. ऑगस्ट 2021 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे दलित कुटुंबांतील सात जणांना भर चौकात खांबांना बांधून मारहाण करण्यात आली. त्यांत वृद्ध स्त्रियाही होत्या. मे 2024 मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला आणि एका पुरुषाला जिवंत जाळण्यात आले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये आलेला जादूटोणाविरोधी कायदा अशा प्रसंगी गुन्हा नोंदवायला उपयोगी पडतो. पण संशयाचे बी पडते ते गावात मूल दगावते आणि मृत्यूचे कारण सांगायला डॉक्टर जवळ नसतो तेव्हा. म्हणून आरोग्यसेवा पोहोचवणे हा अंधश्रद्धा निर्मूलनाचाच भाग आहे. संशयाची पहिली कुजबुज होताच पोलीस पाटलाने वर कळवणे हाही.

दारू: कारण की निमित्त?

बाया हिंसेविरुद्ध उभ्या राहतात तेव्हा त्या आधी दारूचे दुकान बंद करायला निघतात, हा या भागाचा अनुभव आहे. गडचिरोलीत लोकआंदोलनानंतर 1993 मध्ये दारूबंदी झाली. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार संघटना यांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रिया लढल्या आणि 1 एप्रिल 2015 पासून बंदी आली. 2021 मध्ये शासनाने ती उठवली. अवैध दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण दिले.

दारू हिंसेला हात देते, पण हिंसेचा अधिकार देत नाही. प्यालेला माणूस साहेबावर हात उगारत नाही, बायकोवर उगारतो. कुणाला मारलेले चालते, हे त्याला नशेतही कळते. म्हणून बंदी गरजेची असली तरी पुरेशी नाही. तरीही या लढ्याचे एक फळ बंदीपेक्षा मोठे आहे. घरात ज्यांना बोलू दिले जात नव्हते, त्या बाया मोर्चात, ग्रामसभेत, जिल्हाधिकाऱ्यांसमोर बोलल्या. गडचिरोलीत 2016 पासून चाललेल्या ‘मुक्तिपथ’ कार्यक्रमाने गावसंघटन, अवैध विक्रीवर कारवाई आणि व्यसनी माणसांवर उपचार यांची सांगड घातली. नुसत्या बंदीपेक्षा हा मार्ग अधिक भरीव आहे.

गावात मिटवणे

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाने सर्वसहमतीने निर्णय घेणारी ग्रामसभा उभी केली आणि 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. बाया ज्या सभेत बसतात आणि कोणाचाही विरोध असेल तर जिथे निर्णय थांबतो, तिथे बाईचा नकार वाऱ्यावर जात नाही. गावन्यायाची ताकद ही. त्याचा धोका तंटामुक्त समित्यांत आणि जात पंचायतींत दिसतो. तिथे तंटा ‘मिटला’ याचीच नोंद होते. नवऱ्याला चार शब्द सुनावले, बाईला नांदायला पाठवले, कागदावर सह्या झाल्या. आठ दिवसांनी ती पुन्हा मार खाते आणि आता तक्रार करायलाही लाजते. बलात्कारात तर तडजोडीला जागाच नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये बजावले आहे.

क्षमा आणि समेट ही थोर मूल्ये आहेत, पण क्षमा करणे हा जिच्यावर घाव झाला तिचाच अधिकार आहे. तिच्या वतीने पंचांनी केलेली क्षमा म्हणजे दुसरा अन्याय. समेट करायचाच तर आधी ती सुरक्षित हवी, तिला एकटीला विचारलेले हवे आणि नाही म्हटल्यावर जायला जागा हवी.

ऐकण्याच्या जागा

प्राथमिक आरोग्य केंद्रात बाई येते. डोळ्याखाली काळे-निळे, मनगट सुजलेले. ‘पाय घसरून पडले,’ ती सांगते. नवरा शेजारी उभा असतो. परिचारिकेने त्याला केसपेपर काढायला बाहेर पाठवले आणि दार लोटून घेतले, तर खरे ऐकण्याची शक्यता निर्माण होते. नाही पाठवले, तर नोंदवहीत ‘पडून दुखापत’ एवढेच लिहिले जाते. गडचिरोलीच्या दोन गावांत डॉ. राणी आणि अभय बंग यांनी केलेल्या, 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले, पण त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या फक्त 8 टक्के होत्या. देहाचे दुखणे सांगायला जागा नसेल, तर मारहाण सांगायला कुठून असणार? बलात्काराच्या तपासणीत ‘सवय’ शोधणारी दोन बोटांची चाचणी केंद्राने 2014 मध्ये अमान्य केली आणि सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये तिच्यावर पुन्हा ताशेरे ओढले. देसाईगंज प्रकरणातल्या सत्र न्यायालयाच्या शेऱ्याची मुळे याच चाचणीच्या विचारात होती.

ऐकण्याच्या इतर जागा कायद्याने दिल्या आहेत. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी आणि घरात राहण्याचा हक्क दिला. सखी वन स्टॉप सेंटर आहे, मदतीसाठी 181 आणि 112 हे क्रमांक आहेत. कामाच्या जागी 2013 च्या लैंगिक छळविरोधी कायद्याने तक्रार समिती सक्तीची केली. वीज केंद्रात झाडलोट करणारी कंत्राटी कामगारही त्या कायद्याच्या कक्षेत येते. लहान ठिकाणी आणि असंघटित कामात असणाऱ्यांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. त्याखेरीज हाताशी मालमत्ता हवी. वनहक्क कायद्याने पती-पत्नी दोघांच्या नावे पट्टा देण्याची तरतूद केली आहे. आपल्या नावाची जमीन असलेल्या बाईला घराबाहेर काढण्याची धमकी देणे सोपे नसते.

शेवटी, बदलायचे ते पुरुषाला. 1993 पासून मुंबईत काम करणाऱ्या ‘मावा’ संस्थेने मुलग्यांशी आणि तरुणांशी पुरुषपणावर बोलण्याचे काम सातत्याने केले आहे. नकार ऐकून घेणे ही कमीपणाची गोष्ट नव्हे, हे शाळेत, गोंड गावांतल्या गोटुलात, कामगारांच्या वसाहतीत, भजनी मंडळात आणि विहारात मुलग्यांना शिकवले गेले पाहिजे. शिक्षा गुन्ह्यानंतर येते, ही शिकवण त्याआधी पोहोचते. कायदा, उपचार, मालमत्ता, ग्रामसभा आणि धर्मविचार या सगळ्यांनी बाईला तिच्या आयुष्याची धनी मानले, तरच त्यांचे मिळून एक सर्वांगीण उत्तर बनते. यांतली एक जागा जरी तिचा शब्द डावलत राहिली, तरी बाकीच्यांनी मिळवून दिलेले तिथे गमावले जाते.