कोरडे डोळे आणि एक लहानसे खोटे

आमच्या खालांच्या डोळ्यांत पाणी येत नाही. थोरल्या मामूंच्या मय्यतीला त्या कोरड्या डोळ्यांनी बसून होत्या, तेव्हा भरल्या घरात काही बायका कुजबुजल्या. खालांना रडू फुटत होते, अश्रू मात्र नव्हते. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रुग्रंथींवर उलटावी, असा त्यांचा आजार. सकाळी पापणी उघडताना डोळ्यात वाळू घासल्यासारखी होते.

दुकानात मिळणारे कृत्रिम अश्रू पुरेनासे झाले तेव्हा डॉक्टरांनी एका औषधाचे नाव सांगितले आणि लगेच म्हणाले, "पण आपल्या देशात याला परवाना नाही." कोकणातल्या आमच्यासारख्या घरांना अशा वेळी एकच उपाय ठाऊक असतो. दुबईला नोकरीस असलेला धाकटा भाऊ सुट्टीवर येताना चार खोकी घेऊन आला. विमानतळावर विचारले तेव्हा "माझ्याच डोळ्यांचं आहे" म्हणून सुटला. त्याच्या हजरजबाबीपणावर आम्ही सारे हसलो. खाला तेवढ्या हसल्या नाहीत. "माझ्या डोळ्यांपायी तुला खोटं बोलावं लागलं का रे?" एवढेच त्यांनी विचारले.

आधी परवान्याचेच पाहू. परवाना नाही म्हणजे औषध वाईट, असे नाही. सायक्लोस्पोरिनच्या थेंबांना अमेरिकेने २००२ मध्ये मान्यता दिली. युरोपात असे औषध मान्य व्हायला २०१५ उजाडले. मधल्या काळात ब्रिटनमधील काही नेत्रतज्ज्ञांनी कुत्र्यांच्या डोळ्यांसाठी परवाना असलेले मलम माणसांना वापरले. जपानने २०१० मध्ये मान्य केलेले डिक्वाफोसॉल अमेरिकेत मान्यतेपर्यंत पोहोचले नाही. लिफिटेग्रास्टला अमेरिकेने २०१६ मध्ये होकार दिला. युरोपीय तज्ज्ञांना मात्र त्याच्या लाभाचा पुरावा अपुरा वाटला, आणि २०२० मध्ये कंपनीने तेथील अर्ज मागे घेतला. म्हणजे "परवाना नाही" या दोन शब्दांत तपासून नाकारलेले औषधही असते, आणि फायदा दिसेना म्हणून कंपनीने अर्जच न केलेलेही. रोग्याला दोन्हींतला फरक कोणी सांगत नाही.

पण परवाना म्हणजे नुसता कागद, असेही म्हणता येणार नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत डोळ्यांच्या एका जंतुसंसर्गाचा माग तमिळनाडूत तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंपर्यंत पोहोचला. १८ राज्यांत ८१ जण बाधित झाले, १४ जणांची दृष्टी गेली, ४ जण दगावले. डोळ्यात जाणारा थेंब कोणीतरी तपासायलाच हवा. भावाच्या बॅगेतून आलेल्या थेंबांनी खालांना अपाय झाला असता, तर आम्ही दाद कोणाकडे मागणार होतो?

आता खालांच्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या फिकहमध्ये एक उसूल आहे : जरुरत असेल तेथे मनाई ढिली होते. तो आपल्याला तोंडपाठ असतो. त्याच्याच जोडीचा दुसरा आपण विसरतो : ती सवलत जरुरतीपुरतीच. खालांना औषधाची जरुरत होती. पण खोट्याची होती काय?

नव्हती. औषधे नियम, १९४५ यातील ३६ वा नियम प्रवाशाला स्वतःच्या वापरासाठी, आपल्या सामानातून, एका औषधाच्या शंभर सरासरी मात्रांपर्यंत आणू देतो. औषध सामानातून येणार नसेल, तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून १२-अ नमुन्यात अर्ज करायचा; १२-ब नमुन्यात परवानगी मिळते. दरवाजा अरुंद आहे, पण आहे. आम्ही तो कधी ठोठावलाच नाही, कारण आमच्याकडे बॅग होती.

येथेच आम्हाला आमची खरी चूक दिसली. मालेगावात यंत्रमागावर राबणाऱ्या एखाद्या बाईला हाच आजार जडला आणि तिचे परदेशी कोणी नसेल, तर तिला खोटे बोलायचीही सोय नाही. तिच्याकडे फक्त तो अर्ज आहे. ज्यांना लिहिता-वाचता येते, ज्यांची दिल्लीपर्यंत पत्र पाठवायची ऐपत आहे, ते सगळे बॅगेवर भागवू लागले, तर हा अर्ज सोपा करा, लवकर निकाली काढा, अशी मागणी करणार कोण? आमचे खोटे कोणाला लुबाडत नव्हते, असे आम्ही समजत होतो. त्याने त्या अनोळखी बाईच्या वाट्याची एक हाक कमी केली होती.

पुढच्या खेपेस आम्ही अर्ज भरला. बरेच दिवस लागले. तोवर खाला साध्या थेंबांवर, डोळ्यांवर ओले फडके ठेवून राहिल्या. त्या दिवसांत त्यांना जे सोसावे लागले त्याचे समर्थन आम्ही करणार नाही. आमच्या सचोटीची किंमत त्यांच्या डोळ्यांनी मोजली. म्हणून नुसते खरे बोलून आमचे काम संपत नाही. ते दिवस कमी व्हावेत यासाठीही आम्हालाच लिहावे लागेल. पहिले पत्र धाडले आहे.