हमनिवाला

सोबत जेवणे म्हणजे नेमके काय? सर्वांनी एकाच वेळी एकच पदार्थ खाल्ला की ते सोबत जेवणे होते काय? १० डिसेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या लाल किल्ल्यात भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत इटलीच्या पाकसंस्कृतीला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. आपल्या दिवाळीचा समावेशही त्याच दिवशी झाला. इटलीला हा मान पिझ्झा किंवा पास्ता अशा एखाद्या पदार्थासाठी मिळाला नाही. ऋतूत जे येईल ते रांधावे, घरच्यांनी मिळून रांधावे आणि एकत्र बसून खावे, या रीतीचा तो गौरव होता. म्हणून हा प्रश्न तिथल्याच ताटावर तपासून पाहू.

इटलीच्या स्वयंपाकघरात ऋतूचा हुकूम चालतो. वसंतात कोवळे वाटाणे आणि शतावरीचे कोंब, उन्हाळ्यात टोमॅटो आणि वांगी, पानगळीत आळंबी आणि चेस्टनट. हिवाळ्यात तोस्काना प्रांतात काळसर पानांचा कोबी, घेवड्याचे दाणे आणि शिळा पाव एकत्र शिजतो. त्याचे नावच 'रिबोल्लिता', म्हणजे पुन्हा उकळलेले. दक्षिणेत ऑगस्टमध्ये टोमॅटोचा ढीग पडतो. तो एकट्याने संपत नाही. मग सारे कुटुंब जमते, टोमॅटो शिजवते, गाळते आणि वर्षभराच्या बाटल्या भरून ठेवते. निसर्ग कधी भरभरून देतो, कधी हात आखडता घेतो. भरभरून आले की माणसे जमवावी लागतात, कमी पडले की वाटून खावे लागते. एकत्र जेवणाची सवय माणसाला ऋतूंनीच लावली असावी.

इटालियन भाषेत सोबत्याला 'कोम्पान्यो' म्हणतात. लॅटिनमधल्या 'सह' आणि 'पाव' या अर्थाच्या दोन शब्दांतून तो घडला. आमच्या उर्दूत यालाच 'हमनिवाला' म्हणतात. ज्याच्यासोबत घास वाटून घेतला, तो आपला. सिसिली बेटावर नवव्या ते अकराव्या शतकात अरबांची सत्ता होती. पुढे ११५४ मध्ये नॉर्मन राजा रॉजर याच्यासाठी लिहिलेल्या भूगोलग्रंथात अल-इद्रीसीने नोंदवले आहे, की पालेर्मोजवळच्या त्राबिया गावी 'इत्रिया' नावाच्या शेवया बनतात आणि मुस्लिम व ख्रिस्ती अशा दोन्ही मुलुखांत जातात. त्रापानीत आजही माशांच्या रश्शासोबत कुसकुस खातात. कोणता पदार्थ आपला आणि कोणता परक्याचा, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

तरीही भांडण होतेच. बोलोन्या शहराचा 'तोर्तेलीनी' हा सारण भरलेला पदार्थ प्रसिद्ध आहे. त्याच्या सारणात डुकराचे मांस असते, आणि १९७४ मध्ये तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे ही कृती रीतसर नोंदवलेली आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये शहराचे संत पेत्रोनियो यांच्या उत्सवात नेहमीच्या तोर्तेलीनीसोबत कोंबडीचे सारण असलेलेही ठेवायचे ठरले. डुकराचे मांस न खाणाऱ्यालाही त्या मेजवानीत बसता यावे, एवढाच हेतू. यावर माजी गृहमंत्री मात्तेओ साल्विनी यांनी आपला इतिहास पुसला जात असल्याची टीका केली. परंपरेची काळजी खोटी म्हणता येणार नाही, कारण पाककृतीत पिढ्यांच्या आठवणी असतात. पण इथे पुसले काय गेले? जुना पदार्थ जागच्या जागी होता. खाणाऱ्याला सोडायला सांगितले नाही आणि न खाणाऱ्याला खायला सांगितले नाही. कोण येणार आहे, याचा विचार चूल पेटण्याआधी झाला, इतकेच.

हा न्याय आपल्यालाही लागू होतो. ईदला घरी येणाऱ्या शाकाहारी मित्रासाठी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने रांधलेले काही असते का? आणि आपण पाहुणे असताना, जे आपण खात नाही ते दुसऱ्याच्या ताटात पाहून नाक मुरडतो का? हलाल-हराम पाळणे हा आपल्या ईमानाचा भाग आहे. दुसऱ्याच्या ताटाचा तिरस्कार करणे हा त्याचा भाग नाही.

या दस्तरखानावरची एक जागा मात्र रिकामीच राहते. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेला लाटिना भागातल्या शेतात एका पंजाबी मजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला रुग्णालयात न नेता घराजवळ टाकून देण्यात आले. दोन दिवसांनी तो वारला. शेतमजुरांच्या पिळवणुकीविरुद्धचा कायदा इटलीत २०१६ पासून आहे. ऋतूची ताजी भाजी ज्या हातांनी ताटात येते, त्या हातांना त्या ताटाशेजारी जागा नसेल तर ते जेवण सोबतचे कसे म्हणावे?

सोबत जेवणे म्हणजे एकच पदार्थ खाणे नव्हे. कोणाला बसता आले नाही, याची चौकशी जिथे होते, तिथे माणसे खऱ्या अर्थाने सोबत जेवतात. ही चौकशी पहिला घास घेण्याआधी व्हायला हवी. जेवण आटोपल्यावर ती करून उपयोग नाही.