लव्हाळ्याच्या अलीकडे

बुलढाणा जिल्ह्यात माणसं गाव सांगताना आधी घाटावरचं की घाटाखालचं ते सांगतात. चोरपांग्रा घाटावर, लोणार तालुक्यात. मलकापूर घाटाखाली. १४ फेब्रुवारी २०१९ ला पुलवाम्यात सीआरपीएफच्या ताफ्यावर हल्ला झाला आणि ४० जवान गेले. त्यांत चोरपांग्र्याचे नितीन राठोड होते आणि मलकापूरचे संजय राजपूत.

पुढे कधीतरी एका निवृत्त हवालदाराच्या मनात आलं, की ही दोन गावं पळत जोडावीत. तो रोज पहाटे शाळेच्या मैदानावर भरतीची पोरं पळवायचा. पोरं त्याला फौजी काका म्हणत. काकांनी पोरांना सगळं समजावून सांगितलं. सीआरपीएफ गृह मंत्रालयाखाली येतं, त्यांच्या घरच्यांच्या मदतीची सोय वेगळी आहे. सात डिसेंबरचा ध्वजदिन निधी भूदल, नौदल आणि हवाई दलाच्या माणसांसाठी असतो. १९४९ पासून तो गोळा होतो. आपण आठवण या दोघांची ठेवायची, आणि पैसा ध्वजदिनाच्या पेटीत टाकायचा.

दहा पोरं तयार झाली. रस्ता सुमारे दीडशे किलोमीटरचा, पाच-पाच किलोमीटरचे टप्पे, प्रत्येकाच्या वाट्याला तीन. दानपेटी आणि काका टेम्पोत. पोरांत एक उंच होता, सगळ्यांत वेगवान. त्याने वहीत हिशेब मांडला आणि चौदा तासांत मलकापूर गाठायचं ठरवलं. वेळ पेपरात छापून आली तर पुढच्या वर्षी पेटी दुप्पट भरेल, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. नियम एकच केला. बॅटन थांबता कामा नये.

दहांत एक पोरगा धिमा होता. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत त्याला कधी जमलेच नाहीत, आणि आता भरतीचं वयही निघून गेलं होतं. त्याला घेऊ नये असं दोघा-तिघांना वाटत होतं. काकांनी घेतलं.

सात डिसेंबरला पहाटे चार वाजता चोरपांग्र्यातून पोरं निघाली. थंडी चांगलीच पडली होती. उजाडता उजाडता बीबी, सुलतानपूर मागे पडलं. मेहकरात शाळेची मुलं रस्त्याच्या कडेला उभी होती. छातीवर लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांचे कागदी ध्वज लावलेली. पेटीत नाणी वाजली, नोटा पडल्या. सगळं वहीतल्या वेळेप्रमाणे चाललं होतं.

मेहकर ते चिखली रस्त्यावर, लव्हाळा फाट्याच्या अलीकडे, बॅटन धिम्या पोराच्या हातात आलं. टेम्पो पुढे निघून गेला. दोन्ही बाजूंना तूर उभी होती. एका वस्तीपाशी एक म्हातारी बाई डोक्यावर पदर घेऊन, हातात विळा घेऊन थांबली होती. तिने हात वर केला.

"थांब रे बाबू."

पोरगा थांबला, पण पाय जागच्या जागी हलवत राहिला. बाईने कनवटीची नोट काढली. पन्नासची होती, चार घड्या घातलेली.

"हे पैसे कुठं जातेत?"

"फौजींच्या घरच्यांसाठी, आजी."

"म्हंजे माह्यासारखीसाठीच की."

पोराचे पाय थांबले.

तिचा नवरा महार रेजिमेंटमधून नाईक होऊन घरी आला होता. पेन्शन यायची. चार वर्षांपूर्वी तो गेला, आणि पेन्शनही थांबली. बँकेत गेली तर म्हणाले, कागद आणा. कागद नेले तर म्हणाले, नाव जुळत नाही. मग तिने जाणं सोडलं आणि हरभऱ्याच्या निंदणीला जाऊ लागली.

पोराने रस्त्याकडे पाहिलं. मग बॅटन काखेत धरलं आणि तिच्यामागे घरात गेला.

कोपऱ्यात काळी लोखंडी पेटी होती, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आत गणवेशाचा पट्टा, दोन पदकं, आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेलं डिस्चार्ज बुक. बाईने ते दोन्ही हातांनी दिलं. पोरगा ओट्यावर बसला आणि एकेक पान पाहू लागला. पत्नीचं नाव यमुना. आधार कार्डावर कमल.

"यमुना माहेरचं," बाई म्हणाली. "लग्नात कमल ठेवलं. त्यानं फौजेत माहेरचंच सांगितलं. मले कुठं माहीत होतं?"

पुढच्या टप्प्यावर उंच पोरगा हात पुढे करून उभा होता. दहा मिनिटं गेली, वीस गेली. शेवटी तो उलट्या दिशेने पळत आला. ओट्यावर बसलेला धिमा पोरगा आणि काखेतलं बॅटन पाहून त्याचा आवाज चढला. सगळ्यांची मेहनत तू मातीत घातलीस, म्हणाला. धिमा पोरगा काही बोलला नाही. मोबाईलवर पानांचे फोटो काढत राहिला.

तेवढ्यात टेम्पो परत आला. काका उतरले. त्यांनी डिस्चार्ज बुक घेतलं, पहिलं पान उघडलं आणि नंबर, हुद्दा, नाव असं मोठ्याने वाचलं, हजेरीला वाचतात तसं. बाई आपोआप उभी राहिली. नवऱ्याचं नाव त्या पद्धतीने उच्चारलेलं तिने घरात कधी ऐकलं नव्हतं.

काका उंच पोराला म्हणाले, "तू घे बॅटन, पळ. आम्हाला इथं वेळ लागेल."

चिखली, बुलढाणा, मग राजूर घाट. घाट उतरताना अंधार पडला. मलकापूरला पोरं पोचली तेव्हा चौदा तास केव्हाच होऊन गेले होते. हार घेऊन आलेल्यांपैकी बरेच जण घरी गेले होते. पेपरात दोन ओळी आल्या, त्यांत वेळ नव्हती.

पेटीतली रक्कम पोरांनी बुलढाण्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरली. त्याच खेपेला काकांनी बाईचे कागद दिले. यमुना आणि कमल एकच, असं प्रतिज्ञापत्र झालं. मग तिचा पेन्शनचा अर्ज कार्यालयामार्फत सागरला, रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला गेला. एकदा परत आला, सही राहिली होती म्हणून. पुन्हा गेला. पेरण्या आटोपल्या त्या सुमारास कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं, आणि मागच्या वर्षांची थकबाकीही खात्यावर आली.

बाईने धिम्या पोराला निरोप पाठवला. तो गेला तेव्हा उंच पोरगाही त्याच्याबरोबर गेला. दोघांनी तिथं भाकरी खाल्ली. वाटेत उंच पोराने विचारलं, "अशी अजून किती असतील रे?"

रिलेत पळताना सहसा कोणी हरत नाही. हरतात ते बॅटन एका हातातून दुसऱ्या हातात जाताना. फौजी आपला टप्पा पुरा करून जातो, आणि पुढची पाळी घरच्या बाईची येते. तिच्या हातात काय पडलं हे पाहायला त्या वळणावर बहुतेक वेळा कोणीच नसतं. निधी लागतोच, शिक्षणाला, आजारपणाला, घराला. पण जे तिचं आधीपासूनच आहे, ते तिच्यापर्यंत पोचवायला कोणीतरी आपला वेळ काढून ओट्यावर बसावं लागतं.

पुढच्या वर्षी पोरं पुन्हा चोरपांग्र्यातून निघाली. टप्पे तेच होते. मेहकर, लव्हाळा फाटा, चिखली आणि मोताळ्याला एकेक टेबल मांडलं होतं. गावोगाव आधी दवंडी दिली होती, की फौजींच्या घरच्यांनी डिस्चार्ज बुक, पेन्शनचा कागद, आधार आणि बँकेचं पासबुक घेऊन यावं. मेहकरच्या टेबलाशी सकाळपासून रांग होती. कोणाची जन्मतारीख चुकलेली, कोणाचा हयातीचा दाखला राहिलेला, कोणाला मुलाची शिष्यवृत्ती असते हेच ठाऊक नव्हतं.

लव्हाळ्याच्या टेबलावर उंच पोरगा बसला होता. त्या वर्षी त्याने एकच टप्पा मागून घेतला, राजूर घाटाचा. तोवर तो अर्ज लिहीत होता, आणि रांगेतल्या बायकांना आधी विचारत होता, "मावशी, माहेरचं नाव काय होतं?"