बवाजाच्या शेतातील परकी स्त्री

शास्त्रपाठ : रूथ, अध्याय 2



रूथचा ग्रंथ आपण बहुधा विवाहप्रसंगी वाचतो आणि सुनेच्या निष्ठेवर दोन शब्द बोलून थांबतो. पवित्र लेखक तिला पुनःपुन्हा 'मवाबी' म्हणतो, हे मात्र आपल्या नजरेतून सुटते. अनुवादाच्या 23 व्या अध्यायानुसार मवाब्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. त्याच नियमशास्त्रात, लेवीयाच्या 19 व्या अध्यायात, शेताचे कोपरे व सरवा गरिबासाठी आणि परक्यासाठी राखून ठेवण्याची आज्ञा आहे. रूथ या दोन वचनांच्या मध्ये वाकून कणसे वेचीत होती.

आपली राजधानीही आज अशाच पेचात सापडली आहे. जुलै 2025 मध्ये गुडगावात बंगाली बोलणाऱ्या मजुरांना पकडून सामाजिक सभागृहांत ठेवण्यात आले. कागद तपासल्यावर बहुतेकांना सोडले. परंतु धास्तीने कित्येक कुटुंबे रातोरात गावी निघून गेली. मग मोठ्या घरांतला कचरा उचलायला कोणी येईना, तेव्हा कुठे ही माणसे आपल्यात राहत होती याची जाणीव झाली! त्याच वर्षी जूनमध्ये दिल्लीत पकडलेल्या बीरभूम जिल्ह्यातील दोन कुटुंबांना सीमेपलीकडे धाडण्यात आले. कोलकाता उच्च न्यायालयाने सप्टेंबरात त्यांना परत आणण्याचा आदेश दिला. त्यांतील एक माता आपल्या मुलासह डिसेंबरात मायदेशी परतली.

सीमा राखणे हा राज्यसत्तेचा अधिकार आहे, हे मी नाकारीत नाही. रोमकरांस पत्राचा 13 वा अध्याय मलाही मान्य आहे. चोरवाटेने लोक येतात, दलाल त्यांना आणतात, हेही खरे. परंतु 1946 च्या कायद्यात, आणि त्याची जागा घेणाऱ्या 2025 च्या कायद्यातही, आपण परके नाही हे सिद्ध करण्याचे ओझे त्या व्यक्तीवरच आहे. झोपडीत राहणारी, पुरात कागद गमावलेली बाई ते कसे पेलणार? अशा वेळी केवळ बोलीवरून 'हा बांगलादेशी' असे शेजाऱ्याने म्हणणे ही खोटी साक्ष होऊ शकते. आणि ती न देण्याची आज्ञा आपल्याला आहे.

करोलबागेत सोने-चांदी गाळणारे आपले सांगलीकडचे गलाई कारागीर मला येथे आठवतात. विटा, खानापूर, आटपाडीच्या दुष्काळाने त्यांच्या वाडवडिलांना देशभर पांगविले. अलीमलेखही दुष्काळामुळेच बेथलेहेम, म्हणजे 'भाकरीचे घर', सोडून मवाबात गेला होता. तेथे त्याला कोणी कागद मागितले असते तर?

बवाजही चौकशी करतो, हे विसरू नये. ही मुलगी कोणाची, असे तो मुकादमाला विचारतो. मुकादम तिचे मवाबीपण लपवीत नाही. पण ती सकाळपासून राबत आहे, हेही सांगतो. आपण पहिले वाक्य ऐकतो, दुसरे ऐकत नाही. स्वस्त मजुरी हवी असते तेव्हा आपण कागद विचारीत नाही, आणि मजुरी थकली की मात्र कागद आठवतात. याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात शेतमजुरांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते. त्या ओरडीला राष्ट्रीयत्व नाही.

दिल्लीतल्याच तिगीपूर गावातील एका आळंबी पिकविणाऱ्या शेतकऱ्याने मे 2020 मध्ये, टाळेबंदीत अडकलेल्या आपल्या 10 मजुरांना स्वखर्चाने विमानाने बिहारला पाठविले होते. त्याच काळात लाखो मजूर महामार्गांवरून पायी चालले होते. त्या शेतकऱ्याने रूथचा ग्रंथ वाचला असेल असे नाही.

बवाजाने पुढे काय केले? त्याने तिला आपल्या कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बसविले. तिला कोणी धमकावू नये असे बजावले, आणि पेंढ्यांतून मूठमूठ मुद्दाम गळू द्या, असे गड्यांना हळूच सांगितले. संध्याकाळी तिने वेचलेले झोडले, तेव्हा सुमारे एफाभर सातू निघाले. ते उचलून ती नगरात गेली, आणि दुपारच्या जेवणातले उरलेले तिने सासूपुढे ठेवले.