सुखविचार : वत्सगुल्म ते पोहरादेवी

'सुख' हा शब्द मुळात गाडीच्या चाकाशी जोडलेला असावा, असे अनेक भाषाभ्यासक मानतात. 'ख' म्हणजे पोकळी, छिद्र. चाकाच्या तुंब्यात ज्या छिद्रातून आख जातो, ते नीट कोरलेले असले की गाडी विनासायास चालते, ते सु-ख. छिद्र वाकडे असले की चाक घासते आणि बसणाऱ्याला हिसके बसतात, ते दुः-ख. ही व्युत्पत्ती सर्वमान्य नाही. काही जण 'सु-स्थ', म्हणजे नीट बसलेले, यापासून हा शब्द साधतात. दोन्ही अर्थांत सुख हा जागच्या जागी नीट बसलेल्या गोष्टीचा गुण ठरतो, बाहेरून आणून घरात ठेवायची वस्तू ठरत नाही. वंगण घातलेले चाक फिरताना आवाज करत नाही. ते करकरू लागले की मगच गाडीवान खाली उतरून आखाकडे पाहतो. सुखाची आठवणही बहुधा ते बिघडल्यावरच होते.

मराठीत या अनुभवाला एक शब्द पुरलेला नाही. घर सुखी असते, सण आनंदाचा असतो आणि उतारवयातल्या माणसाला 'समाधानी आहात ना?' असे विचारतात. सुख देहाचे आणि संसाराचे, आनंद प्रसंगाचा, समाधान मनाच्या हिशेबाचे. पोळ्याच्या दिवशी बैल सजवणाऱ्या कर्जबाजारी शेतकऱ्याला आनंद असतो, सुख नसते. तिन्ही एकत्र असणे दुर्मीळ आहे, आणि सुखावरचे बरेच वाद एकाचे बोलणे दुसऱ्याला लावल्यामुळे झाले आहेत.

1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा आकाराने लहान आहे. तरीही सुख म्हणजे काय, या प्रश्नाला भारतात जी प्रमुख उत्तरे मिळाली, त्यांपैकी अनेकांची ठाणी या सहा तालुक्यांत सापडतात.

सर्वांत जुने ठाणे खुद्द वाशिम. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेचा संस्थापक सर्वसेन याने 'हरिविजय' हे प्राकृत काव्य लिहिले. पुढे राजशेखराने 'काव्यमीमांसे'त वत्सगुल्माला कामदेवाचे क्रीडास्थान म्हटले आणि काव्यपुरुष व साहित्यविद्या यांचे लग्न याच नगरात लावून दिले. वात्स्यायनाच्या 'कामसूत्रा'तही वत्सगुल्माचा उल्लेख येतो. रसिकता आणि सुखोपभोग यांसाठी या गावाची ख्याती दूरवर होती, असे यावरून दिसते.

'कामसूत्रा'कडे उपभोगाची पोथी म्हणून पाहणाऱ्यांनी त्याचा आरंभ वाचलेला नसतो. तिथे विषय आहे त्रिवर्ग: धर्म, अर्थ आणि काम. माणसाने तिन्ही साधावेत, पण एकाच्या पायी दुसऱ्याची नासाडी होऊ देऊ नये. मग कामामुळे मोठमोठे लोक धुळीला मिळाले, रावण गेला, कीचक गेला, हा आक्षेप ग्रंथकार स्वतःच मांडतो. त्याचे उत्तर असे, की काम हा शरीर टिकण्यासाठी अन्नाइतकाच लागतो. त्यातले दोष टाळावेत, पण भिकारी दारात येतील म्हणून कोणी चुलीवर भांडे ठेवायचे थांबत नाही, आणि हरणे खातील म्हणून कोणी जव पेरायचे सोडत नाही.

हरणांचा हा दृष्टान्त वाशिमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटांसाठीच राखलेले आहे. आसपासच्या शिवारांत हरणे, रोही आणि रानडुकरे रात्रीतून सोयाबीन, तूर, हरभरा फस्त करतात. म्हणून पीक उभे असताना जागल करावी लागते. मचाणावर घोंगडी पांघरून एक जण बसतो. हाताशी बॅटरी आणि टिनाचा डबा असतो. धुऱ्याकडे सळसळ झाली की आधी उजेड पडतो, मग डबा बडवला जातो आणि शेजारच्या वावरातून तसाच आवाज येतो. वात्स्यायनाचा सुखविचार या रात्रीइतकाच व्यवहारी आहे. सुख पेरावे लागते आणि राखावेही लागते. सुखाची भीती घालणाऱ्या उपदेशाला भारतीय परंपरेने दिलेले हे नितळ उत्तर आहे, आणि आजही ते लहान मुलांना शिकवण्याजोगे आहे.

याच वाकाटक घराण्याने सुखाच्या दुसऱ्या टोकालाही जागा दिली. राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे बौद्ध भिक्षुसंघाला अर्पण केले. त्यात नंदाची कथा रंगवलेली आहे. नंद हा बुद्धाचा सावत्र भाऊ, सुंदरी ही त्याची लाडकी पत्नी. बुद्धाच्या मागे गेलेला नंद घरी परतलाच नाही. त्याची दीक्षा झाली. कथा अश्वघोषाच्या 'सौंदरनंद' काव्यात विस्ताराने येते. भिक्षू झालेल्या नंदाचे मन सुंदरीतच गुंतलेले असते. बुद्ध त्याला स्वर्गात नेऊन अप्सरा दाखवतो, आणि सुंदरीचे रूप त्याला फिके वाटू लागते. मग तो अप्सरांच्या आशेने कठोर तप करतो. पुढे बुद्धाचा शिष्य आनंद त्याला त्या तपातला सौदा दाखवून देतो तेव्हा तो लाजतो आणि तिथून त्याची खरी साधना सुरू होते. मिळालेल्याची सवय होते आणि इच्छा एक पायरी वर सरकते, असे ब्रिकमन आणि कॅम्पबेल या मानसशास्त्रज्ञांनी 1971 साली जे मांडले, त्याचे बीज या कथेत आहे.

अजिंठ्याच्या चित्रकाराने मात्र भिंतीवर विलक्षण जागा सुंदरीला दिली. नंदाच्या संन्यासाची बातमी कळून ती आसनावर कोसळली आहे. मान कलंडली आहे, मागून एका दासीने तिला सावरून धरले आहे, दुसरी पंख्याने वारा घालते आहे. हे चित्र जगभर 'मरणोन्मुख राजकन्या' या नावाने ओळखले जाते. एकाला परमसुखाची वाट सापडली, तिची किंमत दुसरीने भरली, हे सत्य चित्रकाराने झाकले नाही. याच लेण्याच्या लेखात वराहदेवाने अवघ्या जगाला शोक आणि पीडा नसलेली स्थिती लाभो, अशी इच्छा कोरून ठेवली आहे. 'अवघ्या जगात' सुंदरीही येते.

सुंदरीचा प्रश्न कारंजात पुन्हा उभा राहतो. लाडाचे कारंजे हे दत्तसंप्रदायातल्या श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मगाव. परंपरेनुसार जन्म 1378चा. मुंज होताच हा मुलगा काशीला जायला निघाला आणि त्याची आई अंबा हिने आकांत केला. सरस्वती गंगाधरांच्या 'गुरुचरित्रा'त मुलगा लगेच निघून जात नाही. आईला आणखी मुले होईपर्यंत तो थांबतो, जुळे भाऊ झाल्यावर घर सोडतो. मुक्तीच्या वाटेवर आईचे दुःख अडचण मानलेले नाही, ते आधी निवारलेले आहे. कारंजाच्या गुरुमंदिरात येणारे भाविकही बहुधा मोक्ष मागायला येत नाहीत. आजार बरा व्हावा, मूल व्हावे, पोराला नोकरी लागावी, अशी मागणी घेऊन ते सप्ताहाला बसतात. या मागण्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. दुःख हटणे हेच बहुतेक माणसांसाठी सुखाचे पहिले आणि खरे रूप असते.

कारंजाचे दुसरे वैभव जैन आहे. इथे भट्टारकांच्या, म्हणजे जैन धर्माचार्यांच्या, गाद्या होत्या, मंदिरांत हस्तलिखितांचे भांडार राखले गेले आणि 1918 साली महावीर ब्रह्मचर्याश्रम सुरू झाला. जैन विचारात सुख हा आत्म्याचा स्वभाव आहे. अनंत दर्शन, अनंत ज्ञान आणि अनंत वीर्य यांच्या जोडीला अनंत सुख येते. कर्माने ते झाकले जाते, नष्ट होत नाही. विषयांतून मिळणारे सुख म्हणजे तलवारीच्या धारेवरचा मध चाटणे: गोडी खरी, जीभ कापणेही खरे. म्हणून गृहस्थाला परिग्रह-परिमाणाचे व्रत सांगितले आहे. किती जमीन, किती सोने, किती धान्य आपल्यापाशी ठेवायचे, याची मर्यादा त्याने स्वतः ठरवायची. व्यापारी पेठेतल्या माणसांनी हे व्रत पिढ्यान्‌पिढ्या जपले, यात त्याचे मोल आहे. जवळ काहीच नसलेल्याला मर्यादा घालून घेण्याजोगे काही नसते.

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांची मूर्ती आहे. जमिनीला न टेकता ती अधांतरी असल्याची श्रद्धा आहे. दिगंबर आणि श्वेतांबर पंथांच्या वादात हे दर्शन सुमारे चार दशके बंद राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 साली दार उघडले. सुख आत्म्यातच आहे असे मानणाऱ्यांनाही ते एका ठरावीक उंबऱ्याशी हवे असते. माणसाचे मन असेच घडलेले आहे.

वाशिमबाहेर पाहिले, तर मराठीत सुखाची सर्वांत कसून चिकित्सा लोकमान्य टिळकांनी केली. 1915 साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त आधिभौतिक सुखवाद आणि सुखदुःखविवेक अशी दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. जास्तीत जास्त लोकांचे जास्तीत जास्त सुख, ही बेंथम-मिल यांची कसोटी त्यांनी महाभारताला लावून पाहिली: कौरवांकडे अकरा अक्षौहिणी, पांडवांकडे सात, म्हणजे डोकी मोजली तर न्याय कौरवांकडे जाईल. सुख म्हणजे निव्वळ दुःखाचा अभाव, हेही त्यांना पटले नाही. त्यांचे सर्वांत मोलाचे म्हणणे असंतोषाविषयी आहे. सगळा असंतोष वाईट नसतो. कर्तबगारीचे मूळ त्यातच असते. सोडायची ती फळाची आसक्ती, धडपड सोडायची नाही.

आता सुख मोजलेही जाते. संयुक्त राष्ट्रांनी 2012 साली 20 मार्च हा आनंद दिन ठरवला आणि त्याच वर्षी जागतिक आनंद अहवाल निघू लागला. त्यात माणसाला शून्य ते दहा पायऱ्यांची शिडी कल्पायला सांगून, तुमचे आयुष्य कोणत्या पायरीवर आहे असे विचारतात. 2025च्या अहवालात 147 देशांत भारत 118वा होता. मराठीच्या हिशेबाने ही शिडी समाधान मोजते, आनंद तिच्यात येत नाही.

समाधानाचा उपदेश वाशिमसारख्या ठिकाणी जपून करायला हवा. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांचे मदत पॅकेज विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले, त्यांत वाशिम होता. 2018 साली तो आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. सोयाबीनचा भाव पडलेला आणि बँकेची नोटीस दारात, अशा घराला 'सुख मानण्यावर असते' असे सांगणे हा अन्याय आहे. त्रिवर्गात अर्थ आहे, 'गुरुचरित्रा'त संकटनिवारण आहे, जैन व्रत ज्याच्याजवळ आहे त्याच्यासाठी आहे, टिळकांनी असंतोषाला मान दिला आहे. या परंपरांपैकी एकीनेही उपाशी माणसाला समाधानी राहण्याची सक्ती केलेली नाही. समाधान हे स्वतः घ्यायचे व्रत आहे. दुसऱ्याला ते लावता येत नाही.

या जिल्ह्यातले शेवटचे ठाणे म्हणजे मानोरा तालुक्यातली पोहरादेवी. बंजारा समाज तिला आपली काशी मानतो. इथे संत सेवालाल महाराजांची समाधी आहे. रामनवमीच्या यात्रेला दूरदूरच्या तांड्यांतून आणि कामासाठी परराज्यांत गेलेल्या वस्त्यांतून लोक येतात. त्यांच्या अरदासमध्ये, म्हणजे प्रार्थनेत, स्वतःच्या घरापुरते मागणे नसते. गोरगरीब, गुरेढोरे आणि किडामुंगी या सर्वांचे रक्षण व्हावे, अशी त्यात विनवणी असते.